यादीतलं पहिलं नाव

नोव्हेंबरपासून आमच्या घरात कुकरची शिट्टी बंद होती. सून शुभा भात पातेल्यात शिजवायची आणि डाळ आदल्या दिवशीच उकडून ठेवायची, कारण वरच्या खोलीत रुहीचे इंटरव्ह्यू चालत. ते सगळे कॉम्प्युटरवरच. वर कोट, खाली पायजमा, पायांत लोकरीचे मोजे आणि दारावर चिकटवलेला कागद, कुणी येऊ नका म्हणून. शिट्टीचा आवाज त्या दूरच्या डॉक्टरांना ऐकू गेला असता असं मला वाटत नाही, पण शुभाला वाटत होतं, आणि घाबरलेल्या आईशी वाद घालू नये.

रुही माझी नात. डॅलसला मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला होती आणि इथे टेक्सासातच, जवळच्या अर्विंगला घरी राहत होती. तिला लहान मुलांची डॉक्टर व्हायचं होतं. त्यासाठी कुठल्यातरी हॉस्पिटलात आणखी तीन वर्षं रेसिडेन्सी करावी लागते, आणि ती मिळवण्यासाठी हिवाळाभर हे इंटरव्ह्यू. फ्रिजवर चौदा तारखांचा कागद लावला होता. एक झाला की रुही खाली येऊन रेघ मारायची आणि उभ्या उभ्या काहीतरी खायची. कसा झाला विचारलं की म्हणायची, "फाइन, आजोबा." चौदाही वेळा फाइन. नखं मात्र कुरतडून कुरतडून लाल झाली होती.

पुढचं मला माझ्या मुलाने, राजेशने, दोनदा समजावलं तेव्हा कळलं. इंटरव्ह्यू संपले की मुलं आपल्या आवडीप्रमाणे हॉस्पिटलांची यादी करतात, पहिलं, दुसरं, तिसरं. हॉस्पिटलंही मुलांची तशीच यादी करतात. मग मशीन दोन्ही याद्या जुळवतं आणि मार्चमध्ये एकच नाव बाहेर येतं. ज्याचं कुठेच जुळत नाही तो राहतो. दर वर्षी राहतात काही, चांगली चांगली मुलंसुद्धा. कुणी आपली यादी दुसऱ्याला सांगायलाच हवी असं नाही, आणि हॉस्पिटलाने तर ती विचारायचीही नाही.

हे शेवटचं मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही.

गडचिरोलीकडच्या एका सरकारी दवाखान्यात मी एकतीस वर्षं वॉर्डबॉय होतो. तिथे एक गोष्ट पक्की शिकलो होतो. कागद आपल्या पायांनी चालत नाही. कुणीतरी साहेबाच्या कानावर घातलं की चालतो. बदली असो, खाट असो, रक्ताची बाटली असो, आधी कुणाचा तरी शब्द जायचा आणि मग कागद जायचा. मी कितीतरी जणांसाठी असा शब्द टाकला, आणि त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. उलट लोक हात जोडायचे.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी डॉक्टर त्र्यंबक हिर्लेकर आणि त्यांच्या पत्नी मंजुषा आमच्याकडे जेवायला आले. त्र्यंबक म्हणजे राजेशच्या नागपूरच्या मित्राचे थोरले भाऊ. तीस वर्षं इथे आहेत. आमच्या घरापासून गाडीने साडेतीन तासांवरच्या एका हॉस्पिटलात लहान मुलांचे डॉक्टर आहेत आणि रेसिडेंट मुलांना शिकवतात. डिसेंबरमध्ये रुहीचा एक इंटरव्ह्यू त्यांच्याकडेही झाला होता. ते जेवायला आले त्या शनिवारी रुही वॉर्डात ड्यूटीवर होती. दही संपलं म्हणून राजेश दुकानात गेला, बायका स्वयंपाकघरात होत्या, आणि बाहेर आम्ही दोघेच उरलो.

डॉक्टर म्हणाले, "काका, पोरगी आवडली हो सगळ्यांना. पण अशी मुलं आमच्याकडे टिकत नाहीत. शेवटी मोठं नाव बघून जातात."

प्रश्न त्यांनी विचारला नाही. तीळगुळाची वडी हातात धरून नुसते थांबले. आयुष्यभर मी डॉक्टरांच्या अशा थांबण्याचा अर्थ ओळखत आलो.

मी म्हणालो, "रुही कुठे जात नाही, डॉक्टर. तिच्या यादीत पहिलं नाव तुमचंच आहे. माझा शब्द समजा."

रुहीने मला असं काहीच सांगितलं नव्हतं. माझ्या मनात तर एवढंच होतं की साडेतीन तास म्हणजे पोरगी दर महिन्याला घरी येईल. मी अठ्ठ्याहत्तरचा आहे. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, मग मी बोलतो. राजेश दही घेऊन आला. आम्ही जेवलो. मला फार दिवसांनी काहीतरी कामाचं केल्यासारखं वाटलं.

दहा-बारा दिवसांनी, बुधवारी, रुही सकाळी टेबलाशी फोन बघत बसली होती. तिचा चहा तसाच राहिला. मग ती शुभाला म्हणाली, "आई, दे थिंक आय सेड दे आर माय नंबर वन."

त्र्यंबकच्या हॉस्पिटलातल्या मोठ्या मॅडमचा ईमेल होता. डॉक्टर हिर्लेकरांकडून कळलं की तुम्ही आम्हाला पहिलं ठेवणार आहात, फार आनंद झाला. दोनच ओळी.

त्याच्या दोन दिवस आधी रुहीने ओहायोतल्या एका मुलांच्या हॉस्पिटलाला पत्र लिहिलं होतं की माझ्या यादीत पहिले तुम्हीच आहात. हे मला तेव्हाच कळलं. असं पत्र कुणी लिहिलंच पाहिजे असं नसतं, पण लिहायचं तर एकाच जागी, आणि लिहिलं तर खरं. आता तिच्या नावावर दोन ठिकाणी पहिला नंबर होता. ओहायोचे साहेब आणि या मॅडम एकाच हॉस्पिटलात शिकलेले, अजून एकमेकांशी बोलणारे. इंटरव्ह्यूत त्यांनीच कौतुकाने सांगितलं होतं.

"दोघं बोलले ना, तर आय एम अ लायर," रुही म्हणाली. "दोन्हीकडून खाली टाकतील मला. बाकीचेही ऐकतील. खूप छोटं फील्ड आहे हे."

मग ती राजेशकडे वळली. डिसेंबरात राजेशने एकदा विचारलं होतं, त्र्यंबकला फोन करू का म्हणून, आणि तेव्हा ती त्याच्यावर ओरडली होती. आता तिने आवाजही चढवला नाही. पप्पा, तुम्ही बोललात का, एवढंच विचारलं. राजेश म्हणाला, नाही. ती म्हणाली, मग त्यांना स्वप्न पडलं का. माझ्यासमोर पोहे होते. मी एकेक शेंगदाणा वेगळा काढत बसलो.

तेव्हा बोलायला हवं होतं. बोललो नाही. मुलगा समोर खाली मान घालून बसला होता आणि मी शेंगदाणे वेचत होतो.

पुढचे तीन दिवस घरात कुणाला मोकळा श्वास घेता आला नाही. रुही बापाशी बोलेना. कॉलेजने नेमून दिलेले तिचे सल्लागार होते, डॉक्टर ब्रॅनन. त्यांना तिने त्याच दुपारी फोन केला. ते म्हणाले, काही करू नकोस. उत्तर देऊ नकोस, खुलासा करू नकोस, यादी गुप्त असते, मार्चपर्यंत तोंड बंद ठेव. फोन ठेवला तेव्हा तिला बरं वाटल्यासारखं दिसलं, पण अर्ध्या तासात पुन्हा जिन्यावर बसून नखं खायला लागली. उत्तर नाही दिलं तर ते खरंच धरतील ना, असं ती शुभाला विचारत होती. शुभा बिचारी काय सांगणार. तिने गाजराचा हलवा केला.

सल्ला विचारण्यासारख्या दुसऱ्या होत्या डॉक्टर ओकाफोर. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या मुलांवर उपचार करायच्या, आणि रुहीने दोन वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं होतं. त्या मूळच्या नायजेरियाच्या. त्यांच्याकडेही हा आजार घरोघर, आमच्या गडचिरोलीकडेही. थंडी पडली की आमच्या वॉर्डात ती पोरं हाडं दुखून ओरडायची, आणि मी गरम पाण्याच्या पिशव्या घेऊन या खाटेवरून त्या खाटेवर फिरायचो. रुहीला लहानपणी मी त्यांच्याच गोष्टी सांगितल्या, राजाराणीच्या मला येत नव्हत्या. ओहायोला तिला जायचं होतं तेही त्यासाठीच. तिथे या आजाराचं मोठं काम चालतं. ओकाफोर मॅडमचा निरोप आला की शनिवारी सकाळी दहाला व्हिडिओवर बोलू.

शुक्रवारी बर्फ पडला. पाणी गोठून रस्ते काचेसारखे झाले आणि माझं तळ्याभोवतीचं फिरणं बंद पडलं. दिवसभर मी खिडकीशी बसून होतो. रुही उत्तर लिहायची, पुसायची, पुन्हा लिहायची. एकदा माझ्याजवळ येऊन बसली, डोकं माझ्या खांद्याला टेकवलं आणि म्हणाली, आजोबा, तुम्हीच एक आहात घरात जे मला काही सांगत नाहीत. मी खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत राहिलो.

शनिवारी साडेनऊला ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप लावत होती. शुभाने विचारलं, मॅडमना काय सांगणार आहेस. ती म्हणाली, खरं तेच. माझ्या वडिलांनी मला न विचारता फोन केला, असं सांगणार.

राजेश बाहेर गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता. त्या खरवडण्याचा आवाज आत येत होता.

मी म्हणालो, "त्याने नाही केलं. मी केलं."

तिला आधी कळलंच नाही. मी पहिल्यापासून सांगितलं, दही, तीळगुळ, माझा शब्द, सगळं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "आजोबा, मी पप्पांशी तीन दिवस बोलले नाही."

"माहीत आहे."

"तुम्ही बघत होता."

"हो."

शुभा गॅसकडे तोंड करून उभी राहिली. रुहीने घड्याळ पाहिलं. मग माझ्यासाठी तिच्याशेजारी खुर्ची ओढली. "आता मॅडमना तुम्हीच सांगा. मी ट्रान्सलेट करेन. एकही शब्द गाळणार नाही."

डॉक्टर ओकाफोर पन्नाशीच्या असतील. डोक्याला पिवळा रुमाल, मागे पुस्तकं, हातात मोठा कप. मी हात जोडले, त्यांनीही कप ठेवून जोडले. मी सांगत गेलो आणि रुही इंग्रजीत सांगत गेली. तिने खरंच काही गाळलं नाही. शेंगदाण्यांचंसुद्धा मी सांगितलं, तेही तिने सांगितलं. डॉक्टरांचं इंग्रजी मला इतरांच्या इंग्रजीपेक्षा जास्त समजतं, त्यामुळे ती कुठे अडखळते ते कळत होतं.

मॅडमनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न रुहीला विचारला. ओहायोला लिहिलंस ते खरं आहे का?

रुही म्हणाली, हो.

"मग तुझ्याकडे एकच खरी गोष्ट आहे, दोन नाहीत. घाबरतेस कशाला?"

रुहीने डॉक्टर ब्रॅनन यांचा सल्ला सांगितला. मॅडम म्हणाल्या, ते चुकीचं सांगत नाहीत. गप्प बसलीस तर बहुतेक काहीच होणार नाही. पण त्या हॉस्पिटलात आज तुझ्या नावापुढे एक खोटं वाक्य लिहिलेलं आहे. लिहिलं दुसऱ्याने, नाव तुझं आहे. ते तसंच राहू दिलंस तर आजपासून ते तुझं झालं. हा धोका आहे, तोही धोका आहे. कुठला घेऊन तुला झोप लागेल ते तूच बघ, मी निवडणार नाही.

रुही मग म्हणाली, लिहिते.

दोघींनी मिळून चार वाक्यं केली. तुमच्या पत्राबद्दल आभार. माझ्या यादीबद्दल मी कुणालाही निरोप द्यायला सांगितलं नव्हतं. घरच्यांकडून प्रेमापोटी चूक झाली, त्याबद्दल माफ करा. तुमच्याकडचा दिवस मला मनापासून आवडला होता आणि ते अजूनही खरं आहे. यादीत त्यांचा नंबर कितवा, हे कुठेच नाही. 'प्रेमापोटी' हा शब्द मॅडमनी घालायला लावला. रुही घालत नव्हती.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, मी त्र्यंबक डॉक्टरांना फोन करून सांगतो, पहिला नाही तर निदान दुसरा नंबर नक्की तुमचा. रुहीने कपाळाला हात लावला, पण इंग्रजीत सांगितलं. मॅडम मोठ्याने हसल्या. त्या तीन दिवसांत आमच्या घरात कुणी हसलेलं ते पहिलंच.

"त्यांना सांग, आता नंबर नकोत. फोन जरूर करा. पण जे तुमचं आहे तेवढंच सांगा."

मग म्हणाल्या, माझे वडीलही असेच होते. माझ्या नावाने शब्द देऊन यायचे. मी फार वर्षं ते शब्द पाळत बसले. आणि कॉल संपला.

रुहीने पाठवायचं बटण दाबलं. लॅपटॉप मिटला, कोट न घालताच बाहेर गेली आणि राजेशच्या हातातलं खरवडायचं घेऊन काचेची दुसरी बाजू साफ करायला लागली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही.

नंतर राजेश आत आला, बूट काढले, माझ्यासमोर बसला. म्हणाला, "बाबा, मला ठाऊक होतं. दही घेऊन आलो तेव्हा त्र्यंबक तुमचा हात धरून बसला होता."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तुम्हाला वाटलं असेल, वॉर्डात कुणाची बदली थांबवताय." आणि तो उठून चहा टाकायला गेला. मुलाने असं बोललेलं मला लागायला हवं होतं. लागलं नाही, कारण ते खरं होतं, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

त्र्यंबकना फोन मी दुपारी केला. नंबर लावताना दोनदा चुकलो. मी म्हणालो, "डॉक्टर, त्या दिवशी मी जे सांगितलं ते सांगायचा मला अधिकार नव्हता. पोरीने मला काही सांगितलेलं नव्हतं. मी माझ्या मनचं बोललो."

ते मग म्हणाले, "काका, मी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. तुमच्या शब्दावर सांगितलं."

"हो. माझी चूक."

"म्हणजे ती दुसरीकडे जाणार."

पुन्हा तेच थांबणं. जीभ वळवळली माझी. दुसरा नंबर, तिसरा नंबर, काहीतरी गोड सांगून फोन ठेवावा असं फार वाटलं.

"ते मला माहीत नाही, डॉक्टर. तिने सांगितलं तरी मी सांगणार नाही."

"मी विचारायलाच नको होतं," ते म्हणाले. आवाज थंड होता. "सोमवारी मलाच आत जाऊन खुलासा करावा लागेल." मंजुषाबाईंना नमस्कार सांगा म्हणालो, तोवर फोन कट झाला होता.

त्र्यंबकच्या हॉस्पिटलातल्या मॅडमचं उत्तर मंगळवारी आलं. स्पष्ट सांगितल्याबद्दल आभार, शुभेच्छा. ते एक वाक्य आम्ही चौघांनी वीस वेळा वाचलं. त्यात राग होता की नव्हता, रुहीला यादीत कुठे ठेवलं, ठेवलं तरी का, काही कळेना. राजेश म्हणायचा चांगलं आहे, शुभा म्हणायची तुटक आहे. ओहायोकडून तर काहीच नव्हतं. सगळा फेब्रुवारी असाच गेला. इंटरव्ह्यू संपले होते, तरी शुभाने कुकर बाहेर काढला नाही.

मार्चच्या सुरुवातीला यादी बंद करायची होती. रुही माझ्या खोलीत लॅपटॉप घेऊन आली, पलंगावर बसली. म्हणाली, आजोबा, बघा, झाली. पडद्यावर ओळी होत्या, एकाखाली एक. मला अक्षरं पस्तिशीत आली, आधी केसपेपरवरची मराठी, मग औषधांच्या बाटल्यांवरचं इंग्रजी. हळूहळू लागतं, पण लागतं. मी चष्मा काढून ठेवला.

"मला दाखवू नकोस."

"का?"

"माझ्या पोटात राहत नाही, हे आता सगळ्या टेक्सासला माहीत आहे."

ती हसली. मग तिने माझ्याकडे पाठ केली, पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं आणि बटण दाबलं.

निकाल दोन टप्प्यांत येतो. सोमवारी फक्त कळतं, जागा मिळाली की नाही. कुठे, ते शुक्रवारी. त्या सोमवारी सकाळी नऊला आम्ही चौघे टेबलाशी बसलो होतो. राजेशने ऑफिसची मीटिंग कॅन्सल केली होती. रुहीने फोन पालथा ठेवला होता. तो थरथरला तरी कुणी हात लावेना. शेवटी शुभा म्हणाली, बघ बाई एकदाचं.

रुहीने बघितलं. तोंडावर हात ठेवला. मग मान हलवली, हो म्हणून, आणि रडायला लागली, आणि राजेशही. शुभा उठली आणि काही न बोलता कुकर लावला.

अर्ध्या तासाने माझा फोन वाजला. त्र्यंबक होते. त्या दुपारनंतर पहिल्यांदाच. म्हणाले, "काका, आज निकाल ना? मिळाली का रुहीला?"

मी रुहीकडे पाहिलं. तिने मान हलवली.

"मिळाली, डॉक्टर."

"छान. फार छान." थोडं थांबले. "आणि कुठे, काही अंदाज?"

तिसरी शिट्टी झाली. शुभाने गॅस बारीक केला. मी म्हणालो, "शुक्रवारी कळेल. तिलाच फोन करा. नंबर देऊ का तिचा?"